जंगल पेटले तर गाव धावते, कचऱ्याचे गोदाम पेटले तर?

काही वर्षांपूर्वी गडचिरोली जिल्ह्यातील एका गोंड बांधवाच्या जामिनाचे काम आमच्याकडे आले होते. मोहफुले वेचता यावीत म्हणून त्याने झाडाखालचा पालापाचोळा पेटवला आणि ती आग राखीव वनात पसरली, असा वनखात्याचा आरोप होता. किती जंगल जळाले याचा पंचनामा झाला होता, नकाशा काढला होता, साक्षीदारांचे जबाब घेतले होते. एका गरीब माणसाच्या काडीपेटीपासून जंगलातल्या शेवटच्या राखेपर्यंतचा सगळा हिशेब सरकारच्या कागदावर चोख होता.

त्याच उन्हाळ्यात चंद्रपूर जिल्ह्यातील एका औद्योगिक वसाहतीलगतच्या गावात आम्ही बैठकीसाठी गेलो होतो. आदल्या रात्री गावाशेजारच्या एका कारखान्याच्या टाकाऊ मालाच्या शेडला आग लागली होती. काळा धूर घराघरांत शिरला होता. अग्निशमन दलाचा बंब आला, जवानांनी फाटकावरच्या चौकीदाराला विचारले, आत काय आहे? चौकीदार ठेकेदाराचा माणूस. त्याला पिंपे किती ते ठाऊक होते, पिंपांत काय ते ठाऊक नव्हते. ज्याला ठाऊक होते त्या साहेबांचा फोन लागत नव्हता. जवानांनी हाती होते ते केले, पाण्याचा मारा केला. पहाटे आग विझली आणि सकाळी गावच्या नाल्यातून काळपट, तेलकट पाणी वाहू लागले. गुरे नाल्यावर नेऊ नका, एवढे सांगायलाही कोणी आले नाही. कोणी दगावले नाही, म्हणून बातमीही झाली नाही.

विहारातील बैठक संपल्यावर एका म्हाताऱ्या बाबांनी आम्हाला विचारले, "वकीलसाहेब, जंगल पेटलं त आमी धावतो. नाही धावलो त सरकार धरते. हा शेड पेटला त आमाले कोन सांगल?"

हा प्रश्न त्या बाबांचा एकट्याचा नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या प्रत्येक कारखान्याला, जिल्हा प्रशासनाला आणि आम्हा चळवळीतील कार्यकर्त्यांनाही तो विचारला गेला आहे.

हा प्रश्न आताच का?

चंद्रपूर हा प्रदूषणाच्या बाबतीत देशभर नाव गाजवलेला जिल्हा आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील औद्योगिक क्षेत्रांचा जो निर्देशांक काढला, त्यात चंद्रपूर ८३.८८ गुणांनी देशात चौथ्या क्रमांकावर होते. दुर्गापूरचे औष्णिक वीज केंद्र, बल्लारपूरची पेपर मिल, घुग्घुस-गडचांदूर पट्ट्यातील सिमेंट कारखाने, ताडाळीतील स्पंज आयर्नच्या भट्ट्या, वेकोलिच्या कोळसा खाणी हे सर्व एकाच जिल्ह्यात. आता गडचिरोलीही त्याच वाटेने निघाली आहे. एटापल्ली तालुक्यातील सुरजागडचे लोहखनिज आणि चामोर्शी तालुक्यातील कोनसरीचा प्रकल्प यांच्या जोरावर या जिल्ह्याला पोलादाचे केंद्र बनविण्याच्या घोषणा होत आहेत. ज्या जिल्ह्याचा दोन तृतीयांशांहून अधिक भूभाग जंगल आहे, तेथे हे घडते आहे.

कारखाना आला की त्याचा माल येतो, नोकऱ्या येतात, तसा कचराही येतो. वापरलेले तेल, तेलाने माखलेल्या चिंध्या, रंगाचा व सांडपाण्याचा गाळ, रसायनांची रिकामी पिंपे, भट्टीतून निघणारा डोलोचार. यातील जो कचरा कायद्याच्या भाषेत घातक ठरतो, त्याच्यासाठी विदर्भाचे सामायिक प्रक्रिया केंद्र नागपूरजवळ बुटीबोरीला आहे. म्हणजे चंद्रपूरचा घातक कचरा आधी कारखान्याच्या शेडमध्ये साठतो, मग ट्रकमध्ये चढतो आणि भद्रावती, वरोरा, जाम अशी गावे मागे टाकत बुटीबोरीला पोहोचतो. साठवण, वाहतूक आणि प्रक्रिया या तिन्ही ठिकाणी आगीची भीती असते. तिन्ही ठिकाणी रस्त्याच्या पलीकडे कोणाची तरी वस्ती असते.

कचऱ्याची आग वेगळी असते

आपल्याकडे आगीपासून संरक्षण म्हटले की लाल बादल्या, वाळू आणि भिंतीवर टांगलेली नळकांडी एवढेच डोळ्यांपुढे येते. घातक कचऱ्याच्या बाबतीत एवढ्याने भागत नाही. कच्चा माल काय आहे हे कारखान्याला माहीत असते, कारण तो त्याने पैसे मोजून घेतलेला असतो. कचऱ्याचे तसे नसते. दहा ठिकाणचा कचरा एका छपराखाली येतो आणि एका पिंपातील द्रव्याचे शेजारच्या पिंपाशी पटत नाही. आम्ल आणि क्षार, ज्वलनशील द्रव आणि ऑक्सिजन सोडणारी रसायने यांची गाठ पडली की काडी लावणाऱ्याची गरज राहत नाही.

काही कचरा आपोआप तापतो. कोळशाचा ढीग आतून धुमसतो हे चंद्रपूरच्या माणसाला शिकवावे लागत नाही. तेलकट चिंध्यांचा ढीगही तसाच तापत जातो, आणि मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांवर गेला की पत्र्याच्या शेडखाली त्याला अधिकच जोर चढतो. काही कचऱ्यावर पाणी मारणे हाच गुन्हा ठरतो. कॅल्शियम कार्बाइड पाण्याशी भिडले की ॲसिटिलीन वायू सुटतो आणि आग विझण्याऐवजी भडकते. अशा ठिकाणी कोरडी पूड किंवा वाळू लागते, तेलाच्या आगीला फेस लागतो. म्हणजे पिंपात काय आहे हे ठाऊक नसेल तर बंबातील पाणीसुद्धा शत्रू होऊ शकते.

आणि पाणी उपयोगी पडले तरी ते जाते कुठे? आगीवर मारलेले पाणी विष घेऊन बाहेर पडते. ते अडवायला आधीच टाकी किंवा बांध बांधलेला नसेल तर ते नाल्यात, नाल्यातून इरई-वर्ध्यात, नाहीतर वैनगंगेत उतरणार.

तेव्हा खरे नियोजन हे आगीच्या आधीचे असते. आलेल्या प्रत्येक पिंपाची तपासणी, न जुळणाऱ्या मालाची वेगवेगळी साठवण, मध्ये आग रोखणारी भिंत, तापमान आणि धूर टिपणारी यंत्रणा, रात्रपाळीला जाणकार माणूस, विषारी पाण्यासाठी टाकी आणि फाटकावर साठ्याची रोजची यादी. हे सर्व पैशाचे काम आहे. शेवटची यादी मात्र एका कागदाची आणि एका पेनाची आहे. नेमकी तीच मिळत नाही.

परदेशातील दोन धडे

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेतील उत्तर कॅरोलिना राज्यात अपेक्स नावाचे गाव आहे. ५ ऑक्टोबर २००६ च्या रात्री तेथील घातक कचऱ्याच्या केंद्राला आग लागली. केंद्रात त्या वेळी एकही कर्मचारी नव्हता. सुमारे सतरा हजार लोकांना घरे सोडून जावे लागले. तेथील रासायनिक अपघातांची चौकशी करणाऱ्या मंडळाने पुढे दाखवून दिले, की वेगवेगळ्या कचऱ्याच्या कप्प्यांमध्ये आग रोखणाऱ्या भिंती नव्हत्या, आग टिपणारी स्वयंचलित यंत्रणा नव्हती आणि आत काय साठवले आहे याची पुरेशी माहिती अग्निशमन दलाकडे आधीपासून नव्हती. विमानात वापरली जाणारी, ऑक्सिजन तयार करणारी जुनी उपकरणे त्या कचऱ्यात होती आणि त्यांनी आग झपाट्याने पसरवली.

दुसरा धडा जर्मनीतील लेव्हरकुसेनचा. २७ जुलै २०२१ रोजी तेथील कचरा प्रक्रिया केंद्रात टाकीचा स्फोट होऊन सात जण ठार झाले. टाकीत शेतीच्या औषधांच्या उत्पादनातून आलेला द्रवरूप कचरा होता. तो ठरावीक तापमानापेक्षा अधिक गरम झाला तर स्वतःच तापत जाणारा होता आणि तो त्या मर्यादेपेक्षा गरम ठेवला गेला होता, असे तपासात पुढे आले.

दोन्ही देश श्रीमंत, दोन्हीकडे यंत्रे उत्तम. तरीही आग लागली, कारण ज्या माहितीवर जीव अवलंबून होता ती योग्य वेळी योग्य माणसाच्या कामी आली नाही. आमच्या गावातील चौकीदार आणि अपेक्सचा अग्निशामक जवान एकाच प्रश्नापाशी अडले होते: आत काय आहे?

भोपाळने लिहिलेला कायदा

आपल्या देशाने या प्रश्नाची किंमत २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये मोजली. कारखान्याच्या भिंतीला लागून असलेल्या झोपड्यांतील माणसे वायू आला त्या वेळी दिशाहीन धावत सुटली. ओले फडके तोंडावर धरा, वाऱ्याच्या दिशेने पळू नका, एवढेही त्यांना कोणी सांगून ठेवले नव्हते. पुढच्याच वर्षी, ४ डिसेंबर १९८५ रोजी दिल्लीत श्रीराम कंपनीतून ओलियम वायूची गळती झाली. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर १९८६ रोजी सांगितले, की धोकादायक उद्योग चालविणाऱ्याची जबाबदारी निरपवाद आहे. आम्ही सर्व काळजी घेतली होती, ही सबब त्याला चालणार नाही.

त्यानंतर कायदे झाले. कारखाने अधिनियमात १९८७ साली दुरुस्ती होऊन धोकादायक प्रक्रियेची माहिती कामगारांना, स्थानिक प्राधिकरणाला आणि आसपासच्या जनतेलाही देण्याचे बंधन मालकावर आले. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली, तरी माहिती देण्याचे हे बंधन संहितेतही आहे. १९८९ च्या घातक रसायनांच्या नियमांनी ठरावीक मर्यादेवरील साठ्यासाठी कारखान्याच्या आतला आपत्कालीन आराखडा मालकाने आणि बाहेरचा आराखडा जिल्हा प्रशासनाने करावा, असे सांगितले. आतल्या आराखड्याची रंगीत तालीम दर सहा महिन्यांनी आणि बाहेरच्या आराखड्याची वर्षातून किमान एकदा झाली पाहिजे. अपघाताची झळ ज्यांना बसू शकते त्यांना धोक्याचे स्वरूप आणि करावयाची कृती आधी कळविली पाहिजे, हेही याच नियमांत आहे.

घातक कचऱ्याचे सध्याचे नियम २०१६ चे आहेत. कचरा साधारणपणे नव्वद दिवसांपेक्षा अधिक साठवायचा नाही, वाहतुकीच्या प्रत्येक खेपेसोबत सात रंगी प्रतींचे नोंदपत्र आणि वाहनचालकाकडे आपत्कालीन सूचनांचे पत्रक असले पाहिजे. पिंपावरच्या पिवळ्या लेबलावर धोक्याची सूचना इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषेत हवी. एटापल्ली-भामरागडच्या माणसाची स्थानिक भाषा माडिया आहे, हे लेबल छापणाऱ्याच्या गावीही नसते.

महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ चा आहे आणि तो ६ डिसेंबर २००८ रोजी, म्हणजे महापरिनिर्वाणदिनी अमलात आला. त्यानुसार आग प्रतिबंधक यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत सादर करावे लागते. कायद्याची उणीव आहे असे म्हणायला जागा नाही. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशूंच्या कक्षाला आग लागून दहा बाळे गेली, तेव्हाही हा कायदा होताच. कायदा कागदावर जिवंत आणि जागेवर मेलेला असला की काय होते, ते विदर्भाने पाहिले आहे.

गरिबाला कोठडी, कारखान्याला पावती

आता म्हाताऱ्या बाबांच्या प्रश्नाकडे परत येऊ. सरकार धरते, असे ते म्हणाले, ते कायद्याने अगदी बरोबर आहे. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम ७९ प्रमाणे जंगलात हक्क असलेल्या माणसाने वणव्याची माहिती मिळताच, कोणी सांगो वा न सांगो, तो विझवण्यासाठी पावले उचलली पाहिजेत आणि वनाधिकाऱ्याला मदत केली पाहिजे. न केल्यास शिक्षा आहे. इंग्रजांनी केलेला हा कायदा गावाला सांगतो, की आग ही तुमची जबाबदारी.

याच्या उलट कचऱ्याच्या नियमांत काय आहे? आग लागली तर केंद्रचालकाने प्रदूषण नियंत्रण मंडळाला ताबडतोब कळवायचे आणि ठरावीक नमुन्यात अहवाल पाठवायचा. मंडळाला कळवा हे स्पष्ट लिहिले आहे. शेजारच्या सरपंचाला फोन करा, हे त्या कलमात नाही.

शिक्षेची तफावत तर डोळ्यांत भरण्यासारखी आहे. पर्यावरण संरक्षण अधिनियमाखालील नियम मोडल्यास पूर्वी पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. संसदेने २०२३ साली केलेल्या जनविश्वास कायद्याने ती काढली आणि १ एप्रिल २०२४ पासून दहा हजार ते पंधरा लाख रुपयांपर्यंतचा दंड आणला. दंड भरला नाही तर मात्र तुरुंगाची वाट आहे. ज्याच्याकडे पैसा आहे त्याने दंड भरावा आणि मोकळे व्हावे. राखीव वनाला आग लावल्याबद्दल कैदेचे कलम मात्र जागच्या जागी आहे. मोहफुले वेचणाऱ्याला कोठडी आणि विषारी पिंपे बेकायदा साठवणाऱ्याला पावती! यालाच विश्वास म्हणायचे असेल तर तो कोणावरचा विश्वास आहे, हे वाचकांना सांगायला नको.

आम्ही वणवा लावण्याचे समर्थन करीत नाही. जंगल जळाले तर सर्वांत आधी आदिवासींचेच पोट जळते. आमचे म्हणणे एवढेच, की ज्या शासनाने वणव्यासाठी जाळरेषा आखल्या, उन्हाळ्यात आगीवर नजर ठेवायला माणसे नेमली आणि गावावर कर्तव्य लादले, त्याच शासनाने कारखान्याभोवतीही जाळरेषा आखावी. ती जाळरेषा माहितीची असेल.

आगीच्या तोंडाशी कोण उभा असतो?

मे २०२२ मध्ये बल्लारपूरजवळच्या पेपर मिलच्या लाकूड डेपोला भीषण आग लागली, तेव्हा शेजारच्या पेट्रोल पंपालाही तिची झळ पोहोचली. कारखान्याची आग कुंपणाच्या आत राहत नाही हे त्या दिवशी जिल्ह्याने पाहिले. तेथे लाकूड आणि बांबू होता, म्हणजे काय जळते आहे ते सर्वांना दिसत होते. त्या जागी बेनाम पिंपे असती तर?

कचऱ्याच्या शेडमध्ये काम कोण करतो, हे पाहायला सर्वेक्षणाची गरज नाही. पाळी सुटण्याच्या वेळी फाटकावर उभे राहावे. पिंपे ढकलणारे, गाळ उपसणारे, शेड झाडणारे हात बहुतांशी आपल्याच वस्त्यांतून आणि आदिवासी पाड्यांतून येतात, आणि तेही ठेकेदाराच्या हजेरीवर. जातीव्यवस्थेने घाण उपसण्याचे काम ज्यांच्या माथी मारले, उद्योगाने त्यांच्याच हातात रबरी मोजे दिले, कधी तेही दिले नाहीत. काम तेच राहिले, विष मात्र वाढले.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः उतरले आणि कामगार कोणत्या परिस्थितीत राबतो ते त्यांनी पाहिले. कोळसा खाण कामगारांच्या कल्याण निधीचा वटहुकूम १९४४ साली आला. फाईलवरून कामगाराचे दुःख कळत नाही, खाली उतरावे लागते. आमच्या जिल्ह्यात आराखडे मंजूर करणाऱ्या किती अधिकाऱ्यांनी त्या शेडमध्ये, मेच्या दुपारी, दहा मिनिटे उभे राहून पाहिले आहे?

आपली खुर्ची रिकामी आहे

रासायनिक अपघातांसंबंधीचे १९९६ चे नियम आहेत. त्यांनुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा आपत्ती गट आणि औद्योगिक क्षेत्राच्या पातळीवर उपविभागीय दंडाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक आपत्ती गट असतो. या स्थानिक गटात फक्त अधिकारी आणि कारखानदार नसतात. त्यात उद्योगाला सर्वांत जवळच्या गावचा सरपंच किंवा समाजाचा पुढारी, स्थानिक वृत्तपत्राचा संपादक, स्वयंसेवी संस्थेचा प्रतिनिधी, डॉक्टर आणि दोन सामाजिक कार्यकर्ते यांनाही जागा आहे. कायद्याने त्या टेबलाशी आपल्यासाठी खुर्ची मांडून ठेवली आहे. तीवर कोण बसले आहे, की ती रिकामीच आहे, हे आपण कधी विचारले नाही.

तेव्हा घोषणांच्या आधी काही साधी कामे करू या. माहिती अधिकारात जिल्हाधिकारी कार्यालयाकडे स्थानिक आपत्ती गटाच्या सदस्यांची यादी आणि मागील बैठकांची इतिवृत्ते मागावीत. कारखान्याबाहेरचा आपत्कालीन आराखडा आणि शेवटच्या रंगीत तालमीचा अहवाल मागावा. अग्निशमन यंत्रणेकडे त्या केंद्राचे जानेवारी-जुलैचे प्रमाणपत्र आले का ते विचारावे. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे साठवणुकीचा कालावधी आणि अपघाताचे अहवाल मागावेत. व्यापारी गुपित म्हणून नकार आला तर अपील करावे. जनहित मोठे असेल तर गुपिताची सबब टिकत नाही, हे माहिती अधिकार कायद्यातच लिहिले आहे.

गडचिरोलीत ग्रामसभेला पेसा आणि वनहक्क कायद्याचे बळ आहे. तेथे ग्रामसभेने ठराव करावा, की आमच्या हद्दीलगत जो घातक माल साठवला जाईल त्याची यादी मराठीत आणि गोंडी-माडियात फाटकावर लागली पाहिजे, वाऱ्याची दिशा दाखवणारा मोजा गावातून दिसला पाहिजे, भोंगा वाजला तर कोणत्या बाजूला जायचे हे शाळेतील मुलांनाही पाठ असले पाहिजे आणि आगीनंतरचे पाणी नाल्यात उतरणार नाही अशी टाकी बांधलेली असली पाहिजे. कामगार संघटनांनी रात्रपाळीच्या चौकीदाराला साठ्याची यादी आणि तीन चालू दूरध्वनी क्रमांक मिळाल्याशिवाय गप्प बसू नये.

त्या गोंड बांधवाला जामीन मिळाला. खटला रेंगाळत राहिला. शेडच्या आगीचे पुढे काय झाले, हे त्या गावाला कोणीही कळवले नाही. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी याच चंद्रपूरच्या भूमीवर लाखोंना माणूसपणाची दीक्षा दिली. माणूसपणात भोवताली काय पेटू शकते हे जाणून घेण्याचा हक्कही येतो. पुढच्या बैठकीला त्या गावात जाऊ तेव्हा, बाबा, तुम्हाला कोण सांगणार याचे उत्तर आमच्याकडे लेखी असले पाहिजे. त्यासाठीचा पहिला अर्ज आम्ही लिहून ठेवला आहे. दुसरा आपण लिहावा.

जयभीम!